शेवंताबाईंचे डबे आणि यांच्या गोळ्या

"कोलेस्टेरॉल बहुत ज्यादा है," रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे बघत होते.

कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली चरबी. ती काळजाच्या नळीत आतून बसत जाते आणि रक्ताची वाट अडवते, असं डॉक्टरांनी समजावलं. कापडाच्या लूमवर उभं असताना यांच्या छातीत कळ आली होती, डावा हात जड पडला होता. आम्ही गॅस समजून ओवा दिला. तुमच्या घरी कुणाला असं झालं तर ओवा देत बसू नका.

ईसीजी काढला. त्यात काळजाची चाल कागदावर उमटते. झटका हलका होता.

डॉक्टर म्हणाले, "अच्छा लगे तो भी गोली बंद नहीं करनी. दूसरा अटैक पूछकर नहीं आएगा."

पण गोळी महाग. हे मला न सांगता एक दिवसाआड घेऊ लागले. गोळ्यांची पट्टी संपेना, तेव्हा मला कळलं. मग हे कामावर गेले की दारात कुणाची चप्पल वाजली तरी वाटायचं, कारखान्यातून निरोप आला.

दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं, एक ट्रस्ट अशा रोजच्या गोळ्या अर्ध्या किमतीत देतो. ज्यांना झेपत नाही त्यांनाच. आधी त्यांची बाई घर बघून जाते. मी यांचं नाव लिहून दिलं.

ही गोष्ट भेस्तानच्या आमच्या चाळीत पसरली. शेजारच्या शेवंताबाई आमच्यासारख्याच परभणीकडून इकडे कामाला आलेल्या. पोरगी बघायला पाहुणे येणार असले की आमच्या गावाकडे शेजारणी मांडणी भरून देतात. त्यांनी तसंच केलं. स्टीलचे डबे आणले, पितळी घागर आणली, समोरच्यांचा टेबलफॅन आणून लावला.

"परक्या बाईला भकास घर दावतीस व्हय?" त्या म्हणाल्या. मला नाही म्हणता आलं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

ट्रस्टच्या बेन आल्या; इकडे बाईंना बेन म्हणतात. त्यांनी मांडणी पाहिली, पंखा पाहिला.

"घर तो अच्छा है, बेन. हमारे पास इससे बहुत गरीब लोग आते हैं." त्या उठल्या.

हे रात्रपाळी करून खाटेवर बसले होते. शेवंताबाई दारात होत्या. बेननी चपलेत पाय घातला. मला वाटलं, या गेल्या तर गोळी गेली.

"बेन, ये सब मेरा नहीं है," मी म्हणाले. "पंखा सामनेवालों का. डब्बे इनके." मी शेवंताबाईंकडे हात केला. एक डबा उघडून दाखवला. आत काही नव्हतं.

मग शेवंताबाई म्हणाल्या, "आता सांगतीच हाईस तर घागर बी माझीच म्हणून सांग."

ते बेनना समजलं असावं. त्या हसल्या आणि परत बसल्या. कमावतं कोण, खाणारी किती, सगळं विचारलं. यांच्या नावाचं कार्ड झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घर आहे तसंच राहू द्या. पाहुण्यासाठी सजवणं वेगळं. त्या बेनचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. शेवंताबाईंचेही नाही. त्यांनी मायेनंच केलं होतं.

बेन गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "साऱ्या चाळीपुढं घर उघडं केलंस." मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रात्री जेवण झाल्यावर मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात पुढे केला.