सायलेन्सरजवळची वायर

परवापर्यंत हे म्या कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा न्हाय — आन् तिच्यापासून आपलं काय लपतंय, सांगा?

येरमाळ्यात हायवेला माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान हाय. हात चांगला, तोंड वाईट, अशी माझी ख्याती. जुन्या गाडीची वायर सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली की तिच्यावर जाड नळी चढवायची, पट्टीनं लांब बांधायची. न्हायतर गरमीनं वितळती, घासून उघडी पडती. हे ज्ञान मी येईल त्याला पाजळतो.

आन् दिगूभाऊंच्या गाडीला काय केलं? नुसती काळी टेप गुंडाळली.

लई वर्षांमागची गोष्ट. येडेश्वरीची यात्रा होती, सगळं गाव रीतीपरमाणं देवीसाठी चुनखडीचे खडे वेचायला निघालं होतं. मलाबी जायचं होतं — पर देवीचं नाव कशाला पुढं करू? कंटाळा केला, बस्स.

दिगूभाऊ दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. ढोकीच्या वाटंला, भरल्या उसानिशी गाडी पेटली. ते उडी मारून वाचले. जळकी गाडी मालकानं माझ्याच दारात आणली. बॉनेट उघडलं — टेप वितळून पाइपाला चिकटलेली, आत वायर उघडी. लोक म्हणत होते, दिगूच्या बिडीनं पेटली. मालकानं मला विचारलं. आन् मी काय म्हणालो ठाऊक हाय? “वायरिंग म्या केलीय. बिडीच असणार.”

दिगूभाऊंचं स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. दुसऱ्या कुणी गाडी दिली न्हाय. शेरडं राखायला लागले.

परवा दुकानात चहाला बसले होते. एका तरण्या ड्रायव्हरनं बिडी काढली, तर त्याला हात जोडून म्हणाले, “नको रं बाबा, माझ्या बिडीनं अख्खी गाडी खाल्ली.”

म्हंजे त्यांनाबी तेच खरं वाटत होतं! एवढी वर्षं! मला ऐकवंना. सगळ्यांसमोर बोललो — “भाऊ, तुमची बिडी न्हाय. माझी टेप.”

ते म्हणाले, “मग एवढी वर्षं मी बिडीला कशाला भेत होतो रं?” चहा तसाच ठेवून निघून गेले.

मला मात्र — खोटं कशाला बोलू — लई हलकं वाटलं. रात्री गाढ झोप लागली. त्यांना लागली का, म्हायती न्हाय.

गाडी म्या जाळली. त्यांचं नाव बी म्याच जाळलं.