तारीखमास्तरांचे शेअर

कारखान्यात त्यांना सगळे तारीखमास्तर म्हणत. पंपांच्या त्या कारखान्यात कुठला माल कधी तयार होणार, हे ठरवायचं त्यांचं काम. एकतीस वर्षं केलं. फोरमन आठ दिवस म्हणाला की मास्तर वीस लिहायचे. एकदाच साहेबांनी फार मागे लागून आठाचे आठच लिहायला लावले, आणि त्या घाईत एका फिटरची दोन बोटं प्रेसखाली गेली. पुन्हा म्हणून मास्तरांनी तसं लिहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी विजेवर चालणारे छोटे टेम्पो बनवू पाहणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. बायको होती तोवर कंपनीचं दर तिमाहीचं पत्र ते तिला मोठ्याने वाचून दाखवत. भाजी निवडता निवडता ती म्हणे, "अहो, यांचे टेम्पो निघेपर्यंत आपण टिकलो म्हणजे मिळवलं!"

गेल्या वर्षी ती गेली. पत्रं येत राहिली. मास्तर ती आता मनातल्या मनात वाचत.

यंदाच्या एका पत्रात होतं: वर्षअखेरीस मोजक्या गाड्या, खरं उत्पादन पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात, तेही चाचण्या पार पडल्या तर. मुलाचा फोन आला.

"बाबा, सरळ टोलवाटोलवी आहे. विकून मोकळे व्हा."

"अरे, असा 'तर' लिहायला छाती लागते."

"बरं, मी नंतर बोलतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

वार्षिक सभेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सभागृहात नुसता आरडाओरडा. "नक्की तारीख सांगा!" व्यासपीठावर उत्पादनप्रमुख बाई खाली मान घालून कागद चाळत होत्या. माईक मास्तरांपर्यंत आला.

"तारीख राहू द्या, बाई. अडलंय कुठे तेवढं सांगा."

बाईंनी मान वर केली. शेजारच्या साहेबांकडे न बघताच म्हणाल्या, "ब्रेक. भरलेली गाडी उतारावर हवी तिथे न थांबता दोन मीटर पुढे जाऊन थांबते. ते जमल्याशिवाय मी एकही गाडी बाहेर सोडणार नाही."

"मग सोडू नका," म्हणून मास्तर खाली बसले.

"आजोबांना कसली घाई!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. खरं तर त्या सभागृहात घाई असलीच तर त्यांनाच असायला हवी होती. वयाची बहात्तर वर्षं उलटली होती.

घरी येऊन त्यांनी मुलाला दोनदा फोन लावला. उचलला नाही. सबंध आठवडाभर ते ब्रेकचं कोणाला सांगायचं राहूनच गेलं.

टेम्पो निघाले ते पत्रातल्या मुदतीनंतरही पाच महिन्यांनी. मास्तरांनी मनाशी आठ महिने धरले होते. बातमी वाचून त्यांनी कंपनीत फोन लावला. बाई कारखान्यात होत्या. ऑफिसातल्या मुलीने निरोप विचारला.

"त्यांना म्हणावं, उशीर केलात ते बरं केलंत."

"सांगते हं. अजून काही?"

"नाही, एवढंच," मास्तर म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला, तरी त्यांनी तो बराच वेळ कानाला धरून ठेवला होता.