प्लेटांच्या मागच्या पट्ट्या

ती टाकी अजून माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. महागाव तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या गोल टाकीची भिंत ओतताना काँक्रीटला आतून धरून ठेवणाऱ्या बाकदार लोखंडी प्लेटा दबल्या आणि आत उभा असलेला मजूर ओल्या काँक्रीटखाली गेला. पंचनामा मीच केला. तेलाचा रिकामा डबा चेपावा तशा त्या प्लेटा आत गेल्या होत्या.

ठाण्यात निनावी फोन आला. प्लेटांना जोर देणाऱ्या मागच्या पट्ट्या त्या उभ्या करणाऱ्या, म्हणजे सेंट्रिंगच्या मिस्त्रीने कापून भंगारात विकल्या म्हणे. पाहिलं तर प्लेटांवर कापल्याच्या खुणा ताज्या होत्या. मिस्त्रीला ताब्यात घेतलं.

"पट्ट्या कोणी कापल्या?"

"म्याच कापल्या साहेब. लिहून घ्या."

"काहून कापल्या?"

त्यावर त्याने मान खाली घातली. गुन्हा कबूल करणारा माणूस कारणं आधी सांगतो, हा माझा उभ्या नोकरीतला अनुभव. हा बाबा कारणच सांगेना. मी चिडलो, दरडावलं, पण त्याने मान वर केली नाही.

भंगारवाल्याकडे काही निघालं नाही. पट्ट्या सापडल्या मजुरांच्या झोपड्यांमागे, नीट रचून ताडपत्रीखाली ठेवलेल्या. झोपडी मेलेल्या मजुराचीच होती. त्याची बायको दारात बसली होती, पोटुशी. महिला शिपायाला सोबत घेऊन मी जबाब घ्यायला बसलो.

"बाई, ह्या पट्ट्या इथे कोणी ठेवल्या?"

"यायनंच ठेवल्या, माह्या घरधन्यानं. प्लेटा डोक्यावर घेऊन मलेच वर चढा लागे ना. म्हणे, तुले जड होते, हलक्या करून देतो. काम झालं की मंग वेल्डिंगचे डाग मारून परत लावून देईन म्हणे."

सांगता सांगता ती पट्ट्यांकडे पाहत राहिली.

"साहेब, म्हंजे ते माह्याचपायी गेले का?"

"नाही बाई. प्लेटा वर चढवायची सोय ठेकेदारानं करायची होती. ओतण्याआधी तपासायचंही त्यानंच होतं."

हे खोटं नव्हतं. दोषारोपपत्र ठेकेदारावर गेलं, मिस्त्री सुटला. जाताना मला म्हणाला, "तिले कळू द्याचं नव्हतं साहेब. म्हणून तर मी बसलो होतो इथं."

मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. खरं बाहेर काढणं हे पोलिसाचं कामच आहे, ते मी टाळलं नसतं. पण त्या दिवसापासून प्रश्न विचारण्याआधी एक पाहायला शिकलो, की उत्तर दिल्यावर त्या माणसाला त्या उत्तरासोबत जगायचं असतं. ती बाई जगतेच आहे.