एका पिनेचा हिशेब

व्हर्लीन टॅडलॉक माझ्या शेजारच्या टेबलावर रबरी बोटींच्या घड्या घालायची. अवकाशयान ठरल्या जागी न उतरता भलतीकडे समुद्रात पडलं, तर विमानातून त्या बोटी टाकायच्या आणि पाठोपाठ पाणबुड्या जवानांनी उड्या घ्यायच्या. फ्लोरिडाच्या आमच्या किनाऱ्यावर नवरे रॉकेटच्या गप्पा मारत. आम्ही बायका घड्या घालत असू.

बोट फुगवणाऱ्या गॅसच्या बाटलीला लाल फितीची पिन असते. घडी घातलेल्या बोटीचं गाठोडं बंद करण्याआधी ती काढून फळ्यावर अडकवायची. आत राहिली तर बोट फुगत नाही.

यान परतायचं त्या सकाळी व्हर्लीनने फळा पाहिला. गाठोडी दोन गेली होती, पिन एकच होती. तिने टेबलाखाली पाहिलं, केराची बादली उपडी केली, माझेही खिसे चाचपले. मग मुकादम हॉइट बर्डीनकडे गेली. तो म्हणाला, पडली असेल कुठे, विमान सुटायला आलंय, आता तोंड उघडू नकोस.

"हॉइट, तू फोन करतोस की मी धावपट्टीवर जाऊन उभी राहू?"

त्याने चडफडत फोन केला. विमान थांबलं. दोन्ही गाठोडी उघडली, तर आत पिन नव्हती. उघडलेलं गाठोडं पुन्हा बांधायला अर्धा दिवस जातो, म्हणून कोठारातली जुनी दोन चढवली. विमान चाळीस मिनिटं उशिरा उडालं. तेवढा वेळ व्हर्लीन दारात येरझारा घालत होती. रेडिओवर यान जहाजाजवळ सुखरूप उतरल्याचं सांगितलं, तेव्हाही ती बसली नाही.

विमान उगाच अडवलं म्हणून हॉइटने तिला सामान बांधायची जाळी धुवायच्या कामावर पाठवलं. पाचव्या आठवड्यात लमार क्विक नावाचा पाणबुड्या आला. तोही विमान अडल्यावर तिच्यावर उखडला होता.

"मिस व्हर्लीन, आमची गाठोडी आता कोण बांधतं?"

"दुसऱ्या कुणीतरी."

"ती पोरगी विमान थांबवेल?"

व्हर्लीन जाळी घासत राहिली. लमार सरळ हॉइटच्या खोलीत गेला आणि सोमवारी ती माझ्या शेजारी परत आली.

पिन कधीच सापडली नाही. पुढची अकरा वर्षं व्हर्लीन प्रत्येक पिन आधी मला दाखवायची, मगच फळ्यावर लावायची. तरी यान उतरायच्या दिवशी तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत असे.