मोटारीतली खुळखुळ

आमच्या ह्यांनी मुंबईहून जुनी मोटार आणली तेव्हा श्रीवर्धनात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. हे डॉक्टर, त्यातून सुधारक. मोटारीपुढे नारळ फोडायचा नाही की हार घालायचा नाही, असं ती मचव्यातून उतरायच्या आधीच त्यांनी बजावलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्या इतक्या पटकन "बरं" म्हणाल्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेले आणि सासूबाईंनी सुपारीचा गणपती मांडून मोटारीची यथासांग पूजा केली. निरांजन मीच धरलं होतं. मग ती सुपारी पितळी करंड्यात घालून त्यांनी मागच्या गादीची खालची शिवण उसवली, करंडा आत खोल सारला आणि पुन्हा टाके घातले. "हा सांभाळील हो त्याला," त्या म्हणाल्या. "आणि कुठे बोललीस तर माझी शपथ आहे."

त्या दिवसापासून मोटार खुळखुळू लागली.

ह्यांना तो आवाज सहन होईना. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, दिवेआगरला, माझ्या माहेरी. एकुलती एक बहीण. मी दिवस मोजत होते. आणि ह्यांनी जाहीर केलं, "आवाज सापडल्याशिवाय मोटार सासुरवाडीला न्यायची नाही. खुळखुळा वाजवत मांडवात शिरू काय?" बैलगाडीनं जाते म्हटलं, तर दारात मोटार असताना डॉक्टरांची बायको बैलगाडीतून गेली म्हणून लोक हसतील! मोटार नसती तर मी केव्हाच माहेरी पोचले असते.

मग शोध सुरू झाला. मडगार्ड निघाली, दारं निघाली. वाळवणासारखे नटबोल्ट अंगणभर पसरले. एकदा तर छाती तपासायची नळी कानाला लावून हे इंजिनापाशी उकिडवे बसलेले मी डोळ्यांनी पाहिले. रोग्याला सांगतात तसं "श्वास घे" एवढंच म्हणायचं बाकी होतं.

इंजिन निर्दोष सुटलं तेव्हा संशय आमच्यावर आला. आम्हाला मागे बसवून समुद्राकडच्या रस्त्यानं फेरी काढली. बांगड्या वाजतात म्हणून आधी मला उतरवलं. अडकित्ता वाजतो म्हणून चार पावलांवर सासूबाईंना. रिकामी मोटार खुळखुळत पुढे गेली आणि आम्ही दोघी भर उन्हात रस्त्यात उभ्या.

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "लग्नापुरता काढू या ना, सासूबाई. आल्यावर परत ठेवू."

"बसवलेला देव असा मधेच उठवतात होय गो? आणि बोर्लीच्या चढावर काही झालं म्हणजे?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांना हा एकच मुलगा. मला त्यांचा भयंकर राग आला होता, पण नवरा मलाही एकच होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हे हात पुसत घरात आले. "सापडला एकदाचा. नट सैल होता. चला, आटपा." कुठला नट, ते मी विचारलं नाही. धावत जाऊन ट्रंक भरली.

मोटार निघाली. खड्डा आला, आवाज नाही. दुसरा आला, तरी नाही. मी मनातल्या मनात बहिणीला हळद लावू लागले. बोर्लीच्या चढाला लागलो आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगो, वाजत नाही! पडला वाटतं कुठे तरी!" आणि सरळ खाली वाकून गादी चाचपू लागल्या. मी त्यांचा पदर धरून त्यांना वर ओढतेय, त्या माझा हात झिडकारतायत, अशी आमची झटापट चालली होती.

ह्यांनी मान वळवली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आई, नीट बस. होता तिथेच आहे तो. कापसात गुंडाळून ठेवलाय."