नानांच्या नावाचं पिठलं

कोणाच्या घरी कोणी गेल्याचं कळलं, की आपण काय विचारतो? कधी, कसं, वय काय होतं, मुलगा पुण्याहून पोचला का. मावशी यातलं काही विचारत नसत. हाताचं पीठ परातीच्या कडेला पुसत त्या एवढंच विचारायच्या, "घरात खाल्लं का कोणी काही?" आणि उत्तराची वाट न बघता डाळीच्या पिठाचा डबा फळीवरून खाली काढायच्या.

नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी, आणि कॉलनीच्या तोंडाशी त्यांची मेस. कॉलेजची पोरं आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेले एकटे लोक तिथे जेवायचे. ते मावशी म्हणायचे म्हणून सगळी कॉलनी मावशी म्हणायची. त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी असलेली माझी आईसुद्धा.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी शेजारीपाजारी डबा आणतात, आणि त्या पहिल्या जेवणाला आपल्याकडे कडू घास म्हणतात. आमच्या कॉलनीत तो मावशींच्या हातचा असायचा. भाकरी आणि पिठलं. पिठल्याला फोडणी नाही, वर कोथिंबीर नाही. फोडणीचा वास चार घरं लांब जातो आणि दुःखाच्या घरातून असा वास येणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

हे झालं आपल्यातलं. पण मावशींना बाकीच्या धर्मांचं मरणही स्वयंपाकघराच्या बाजूनं पाठ होतं. किराणावाल्या जैन शेठजींच्या आई गेल्या, तेव्हा डब्यात कांदा नव्हता, बटाटा नव्हता, आणि डबा सूर्य मावळायच्या आत पोचला होता. मागच्या गल्लीतल्या टेलरचाचांचा भाऊ वारला, तेव्हा तीन दिवस डबा गेला, कारण त्यांच्यात तीन दिवस शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. चर्चला जाणाऱ्या नर्सबाईंकडे मात्र त्यांची पंचाईत झाली. तिथे शेगडीवर चहाचं मोठं पातेलं खळखळत होतं आणि आल्यागेल्याला बिस्किटं देणं चाललं होतं. मावशी डबा घेऊन दारातच थांबल्या. मग त्यांनीही एक कप चहा घेतला, आणि चहा चांगला होता असं आम्हाला येऊन सांगितलं.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. मृत्यू हा त्यांचा खास विषय. त्यावरचं त्यांचं व्याख्यान ऐकायला कॉमर्सची पोरंही मागच्या बाकांवर येऊन बसत म्हणे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला आणि मग आमच्या लक्षात आलं, की हा माणूस मरणाला भयंकर भितो. दवाखान्यात ते माझं मनगट सोडत नसत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातले सगळे ग्रंथ पलंगावर मांडायला लावले. रोज एक धर्म वाचून व्हायचा आणि रोज ताटातली एक पोळी कमी व्हायची. शेवटी ते दोन चमचे पेजेवर आले. मला भूकच लागत नाही, एवढंच म्हणायचे आणि पान उलटायचे.

मग एक दिवस चक्कर येऊन पडले. दोन दिवस सलाईन लावून डॉक्टरांनी घरी सोडलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं, हृदय आता ठीक आहे, पण यांनी असंच अन्न टाकलं तर महिनाही काढणार नाहीत. अँब्युलन्समधून नानांना स्ट्रेचरवर उतरवताना तोंडावर ऊन येत होतं, म्हणून मीच त्यावर टॉवेल टाकला. ते कोणीतरी गॅलरीतून पाहिलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी नुसते जोडलेले हात आले. मग कोणीतरी नानांच्या पंच्याहत्तरीचा फोटो कापून त्याला हार घातला, आणि भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. एका गृहस्थानं तर नानांनी आपल्याला कसं घडवलं ते चार परिच्छेदांत लिहिलं. तो त्यांच्या वर्गात कधीच नव्हता. माझ्या फोनची बॅटरी संपलेली होती, त्यामुळे घरात आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मेसमध्ये जेवायला बसलेल्या कोणीतरी मावशींना ते वाचून दाखवलं.

अर्ध्या तासात मावशी आमच्या मागच्या दारी हजर झाल्या. दुःखाच्या घरी त्या पुढच्या दारानं कधी जात नसत, कारण पुढे रडारड असते आणि हातात डबा असला की रडता येत नाही. त्या आत आल्या आणि थबकल्या. गॅसवर पातेलं होतं आणि आई त्यात आलं किसत होती.

"वहिनी, हे काय करता?"

"ह्यांना घोटभर चहा देते," आई म्हणाली.

मावशींना वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच गॅस बंद केला. आईनं तो परत पेटवला. मावशींनी परत बंद केला. मी दारात उभा राहून हे बघत होतो आणि मला काही उमगत नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून नानांनी चहा कुठवर आला म्हणून विचारलं. मावशी सटाण्याकडच्या, पण चाळीस वर्षं नाशकात काढल्यामुळे एरवी ते बोलण्यात फारसं जाणवत नसे. त्या क्षणी जाणवलं.

"आत कोण शे?"

मग उलगडा झाला. ग्रुपवर काय आलंय ते मावशींनी सांगितलं. आईला डब्यात काय आहे ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला. जिवंत माणसाच्या घरात हे अन्न नको, परत न्या, असं ती म्हणायला लागली. मावशींची अडचण वेगळी होती. कडू घास म्हणून शिजवलेलं अन्न परत आपल्या उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं, असा त्यांच्याकडचा नियम. डबा मध्ये आणि दोघी दोन बाजूंना. मी म्हटलं, गाईला घालू. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी गप्प बसलो.

आतून नाना काय चाललंय म्हणून विचारत राहिले. मला खोटं बोलणं जमत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, ग्रुपवरच्या हारासकट. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता दुसरा झटका येतो.

"माझ्या नावाचं आलंय ना?" नाना म्हणाले. "मग आण इकडे. मेल्यावर काय काय मिळतं ते सगळ्या धर्मांनी लिहून ठेवलंय. गरम भाकरी मिळते, असं कोणी लिहिलेलं नाही."

आई डोळ्यांना पदर लावून बसली, पण वाढलं मात्र तिनंच. नानांनी अर्धी भाकरी आणि वाटीभर पिठलं खाल्लं. तीन आठवड्यांत त्यांनी एवढं खाल्लं नव्हतं. दारात मावशी शरमेनं अर्ध्या होऊन उभ्या होत्या, तरी मधूनच त्यांनी सावकाश खा, सर, असं सांगून घेतलंच.

दुसऱ्या दिवसापासून मेस आवरली की तीनच्या सुमाराला मावशी येऊ लागल्या. नानांशी त्यांचा करार झाला होता. नानांनी एकेका धर्माचं मरणाबद्दल काय म्हणणं आहे ते सांगायचं, मावशींनी ऐकायचं. मात्र सांगायचं ते जेवता जेवता, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. नाना जन्मभराचे मास्तर. समोर ऐकणारं माणूस बसलं की त्यांना राहवायचं नाही, आणि बोलण्याच्या नादात भाजी कधी संपली ते त्यांना कळायचं नाही.

मावशींची मतं ठाम असत. जैनांच्या मते जीव क्षणात दुसऱ्या देहात जातो, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. घरच्यांच्या हातचं पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही म्हणजे काय, म्हणाल्या. आपल्यातला आत्मा दहा-बारा दिवस घुटमळतो ते त्यांना माणसासारखं वाटायचं. मुसलमान आणि ख्रिस्ती मंडळींना शेवटच्या निवाड्यापर्यंत वाट बघावी लागते, त्याबद्दल त्या हळहळल्या, कारण त्यांचा स्वतःचा सटाण्याच्या कोर्टात जमिनीचा दावा चालू होता. बौद्धांमध्ये आत्माच नसतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लागावा तसं असतं, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं आणि विचारात पडल्या. चार्वाकपंथी मात्र एकदम पसंत पडले. जिवात जीव आहे तोवर तूप खा म्हणणारा माणूस खात्यापित्या घरचा असणार, यात त्यांना शंका नव्हती.

एकदा नानांनी ग्रीसमधल्या एका जुन्या तत्त्वज्ञाचं सांगितलं. आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला?

मावशींनी विचार केला. "त्याला बायको-पोरं होती का?"

नाना म्हणाले, नसावीत बहुतेक.

"तरीच. आपण नसतो, कबूल. पण घरातले असतात ना, सर. त्यांचं काय सांगून गेला तो?"

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी, मी शेजारी बसलेला असताना, कधी न बोललेली गोष्ट बोलून टाकली. "बाई, मी पोरांना हे तीस वर्षं शिकवलं. आणि मला फार भीती वाटते. आता लाज वाटते हे सांगायला."

मावशींनी आमटीचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "माझा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. मी पंचविशीत होते. अंगणात त्याला ठेवलेला, माणसं जमलेली, आन मला भूक लागली, सर. लय भूक. लाजेनं मान वर होईना. शेजारच्या विणकराच्या बायकोनं ओळखलं. मला न्हाणीत नेलं, पदराखालून भाकरी काढली, म्हणाली, खा, मी कोणाला सांगणार नाय. खाताना रडू फुटलं. तोवर रडले नव्हते मी." त्यांनी नानांच्या वाटीत आमटी वाढली. "भीतीचंबी तसंच हाय. वाटती तर वाटू द्या. तुम्ही जेवा."

नानांची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. त्यांनीही तसं कधी म्हटलं नाही. पण ग्रंथ परत कपाटात गेले, आणि नाना त्यानंतर पावणेदोन वर्षं जगले. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. ग्रुपवरच्या त्या गृहस्थाला याचं श्रेय हवं होतं.

एका सकाळी नाना नाश्ता करून खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या गेले. या खेपेला ग्रुपवर कोणी घाई केली नाही. दोघांनी तर आधी घरी येऊन, नीट बघून खात्री करून घेतली. दुपारी आम्ही अमरधामहून परतलो तर ओट्यावर डबे येऊन पडले होते. शेठजींकडचा होता, नर्सबाईंकडचा होता, चाचांच्या घरून भाकऱ्या आल्या होत्या. मावशींचा नव्हता. आई पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडे बघत होती. मला रागच आला, खरं सांगतो. सगळ्या कॉलनीला घातलं आणि आमच्याच वेळी विसरल्या?

आईनं मला बघून यायला पाठवलं. मेसचं दार लोटलेलं होतं आणि बाहेर पाच-सहा पोरं जेवण नाही म्हणून ताटकळत उभी होती. आत मावशी ओट्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. मोठी शेगडी थंड होती. परात कोरडी होती. चहाचं पातेलंसुद्धा सकाळपासून पालथंच होतं.

"भाऊ, आज माझ्याकडे चूल नाय पेटली," त्या म्हणाल्या.

मला कळायला एक क्षण लागला. मग मी तिथेच उंबऱ्यात बसून रडलो. सकाळपासून मला जमलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या सटाण्याला लेकीकडे गेल्या त्या गेल्याच. मेसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. पण मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या. मी घरी जाऊन चाचांकडची भाकरी आणि थोडं कालवण ताटात घेऊन आलो आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आधी त्यांनी मान हलवली. मग एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तसंच चावत त्यांनी भाकरी उलटून पाहिली.

"कोणाकडची ही?"

"चाचांकडची."

"जाड थापलीय," मावशी म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.