छत शॉमबर्गचं, राखण जळगावची

सोलर पॅनेलवरचा बर्फ काढायची खरं तर काही गरज नसते. ऊन पडलं की तो आपोआप घसरून खाली येतो. पॅनेल बसवणाऱ्या माणसाने हेच सांगितलं होतं, आणि बायको तर दर हिवाळ्यात हेच ऐकवायची. तरीही बर्फ थांबला की मी सकाळी कानटोपी चढवून, लांबलचक दांड्याचा रेक घेऊन शॉमबर्गच्या आमच्या घरामागे उभा असायचो, याला कारण बाबा. बाबा जळगावात बसून आमच्या छतावर नजर ठेवायचे. आता ते नाहीत, आणि मी बर्फ आपोआप घसरू देतो.

रेक म्हणजे टोकाला फोमची फळी लावलेला, एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा दांडा. आमचं घर बैठं असल्यामुळे छतावर चढावं लागत नाही. जमिनीवरूनच फळी वर टेकवायची आणि बर्फ खाली ओढायचा. ओढलेल्यातला निम्मा कॉलरमधून आत शिरतो. ते गार पाणी पाठीवरून उतरायला लागलं की तोंडातून जे शब्द निघतात ते मुलीला कळू नयेत म्हणून मी मराठीत उच्चारायचो. पुढे तिला तेही कळायला लागले.

आम्ही पॅनेलं बसवली तेव्हा बाबांनी आमची यथेच्छ टिंगल केली होती. "इथे मे महिन्यात रस्त्याचं डांबर पातळ होतं, तरी आमच्या गल्लीत एकाच्याही गच्चीवर पॅनेल नाही. आणि तुम्ही बर्फात लावा. धन्य आहे तुमची." बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, तेव्हा या विषयात शेवटचा शब्द त्यांचाच असणार हे मी धरूनच चाललो होतो. पण त्या दिवाळीत जळगावला गेलो असताना सहज म्हणून मी त्यांच्या फोनवर आमचं सोलरचं अॅप टाकून दिलं. त्यात आमच्या छताचं चित्र दिसतं. पॅनेलांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक पॅनेलचा एक चौकोन. वीज तयार होत असली की चौकोन निळा, नसली की काळा. बाबांनी चष्मा वर करून ते बराच वेळ बघितलं आणि मग टिंगल एकदम बंद झाली.

ती का बंद झाली ते मला लगेच कळलं. लहानपणी लाइट गेले की सगळं घर मेणबत्ती शोधायचं, आणि बाबा गच्चीवर जायचे. तिथे उभं राहून गावाचा कुठला भाग अंधारात आहे आणि कुठला उजेडात ते बघायचे आणि खाली येऊन शर्ट घालत सांगायचे, "स्टेशनकडचा फीडर उडालाय. येतील तासाभरात." मग कुणी बोलावलेलं नसतानाही सायकल काढून निघून जायचे. आई म्हणायची, यांना अंधार वाचता येतो. निवृत्तीनंतर वाचायला अंधार उरला नव्हता, तो मी सात समुद्रांपलीकडून पुरवला.

आमच्याकडे उजाडतं तेव्हा जळगावात दिवेलागण झालेली असते. बर्फ पडून गेला की त्या वेळेला फोन ठरलेला. "वरच्या रांगेतलं उजवीकडून तिसरं झोपलंय बघ." मी फोन खिशात टाकून, कानात इअरफोन अडकवून मागे जायचो, उजव्या टोकापासून सुरुवात करायचो, कारण डावीकडे मागच्या दाराच्या पायऱ्या आहेत आणि तिथे बर्फाचा ढीग मला नको असायचा. एकेक पॅनेल मोकळं करत यायचो. अॅपला खबर लागायला मात्र जरा वेळ लागायचा. तेवढा वेळ बाबा फोन ठेवायचे नाहीत. चौकोन निळा झालेला बघूनच, "आलं," असं म्हणून ते उठायचे.

त्या मधल्या वेळात आम्ही बोलायला लागलो. तोवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?", "हो", "घे, आईला देतो". आता मी बर्फात उभा, ते खुर्चीत बसलेले, दोघांनाही चौकोन निळा व्हायची वाट बघण्याखेरीज काम नाही. एकदा त्यांनी सांगितलं की नोकरीत पहिल्यांदा खांबावर चढले तेव्हा पाय इतके लटपटले की उतरल्याबरोबर त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. आजोबांना सांगायची हिंमत झाली नाही म्हणून सोडली नाही. हे ऐकून मला हसू आवरेना, आणि ते तिकडे माझ्यापेक्षा मोठ्याने हसत होते. बाबांना इतकं हसताना मी घरात असताना कधी ऐकलं नव्हतं. माझी बोटं बधिर झालेली असायची, पण ते "आलं" शक्य तितकं उशिरा यावं असं वाटायचं.

मग बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यांना कसलंही टेन्शन देऊ नका. आणि नेमका त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात मी घराच्या मागे घसरून पडलो. रेक एकीकडे, मी एकीकडे. पाय घोट्याच्या वर मोडला, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इकडे राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी एक अलिखित नियम असतो. वाईट बातमी भारतात कळवायची ती सगळं निभावून गेल्यावर. नोकरी गेली तर दुसरी मिळाल्यावर सांगायचं. ऑपरेशन झालं तर टाके निघाल्यावर. "तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही," हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडात तयार असतं. त्यामुळे हॉस्पिटलमधून घरी येताना गाडीतच ठरलं, बाबांना यातलं काही कळता कामा नये. नुकतं कुठे त्यांचं हृदय ताळ्यावर आलं होतं. माझ्या पायापायी ते पुन्हा बिघडलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

"व्हिडिओ कॉलवर फक्त वरचा भाग दाखव," बायको म्हणाली. "टेबलाच्या मागे बस. खाली पाय दिसत नाही."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "पण आजोबा रूफ बघतात ना. ही विल नो."

बाहेर बर्फ पडत होता.

बायको मूळची नागपूरची, उंचीला बेताची आणि थंडीची जन्माची वैरीण. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं गुडघ्यापर्यंत पोचणारं जॅकेट घालून ती रेक घेऊन बाहेर पडली. मी खिडकीशी खुर्चीत, प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर. बाहेरून तिचा आवाज येत होता. "एवढं कोण बघतंय यार, राहू दे म्हणावं, वितळेल. पण नाही. बाबा बघतात. काढा." मुलगी दारात उभी राहून तिला इंग्रजीत सूचना देत होती आणि बायको तिला मराठीत गप्प करत होती. विजेसाठी त्या बर्फाला कुणी हात लावला नसता. आमच्या खोटेपणाला निळा रंग यावा म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता.

खालची रांग तिने साफ केली. वरच्या रांगेला मात्र तिचा हात पोचेना. चवड्यांवर उभी राहिली, पायरीवर चढून बघितलं, मुलीने मागून कमरेला धरलं, काही उपयोग झाला नाही.

ठरलेल्या वेळेला फोन आला. "वरची रांग काळी दिसतेय."

"रेकची एक नळी मोडलीय, बाबा. नवीन मागवलीय."

"बरं," बाबा म्हणाले. मग काहीच झालं नसल्यासारखा मी उगाच इकडचं तिकडचं बोललो, आणि त्यांनी आईकडे फोन दिला. आईने विचारलं, "आज एकाच खुर्चीत का बसून आहेस रे?" मी म्हटलं, नवीन टेबल घेतलंय, छान आहे. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "पचलं का?" मला वाटलं, पचलं. पुढे प्रत्येक वेळी बर्फ पडला की ती खालची रांग काढायची, आणि बाबांनी वरच्या रांगेचं नाव पुन्हा काढलं नाही. आम्ही तिघं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग एकदा जोरात बर्फ झाला. आधी थोडा पाऊस पडून सगळं गोठलेलं, त्यावर हा नवा थर. बायको बूट चढवत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा तिला थेट फोन क्वचितच करायचे. ती घाबरली आणि स्पीकर लावून फोन माझ्यासमोर धरला.

"पोरी, आज बाहेर जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "तिकडचं हवामान बघितलं मी. खाली सगळं गोठलेलं असणार. त्याचा पाय अजून टेकत नाही ना? मग घरात चालतं फिरतं माणूस तू एकटीच. तू पडलीस तर सगळ्यांचे हाल होतील."

बायको एका पायात बूट तसाच ठेवून खाली बसली. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तो कायम उजवीकडून काढत येतो. त्या दिवशी डावीकडून उजळत आलं. तुमच्या मागच्या दाराकडून. आणि वरपर्यंत कुणाचा हात पोचेना. त्यात हा खुर्ची सोडत नाही. हात तर दोन्ही धड दिसतात."

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही एवढा जीव तोडून लपवत होतात," बाबा म्हणाले. "माझ्यासाठीच ना? म्हटलं, लपवू द्यावं."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मी काही ते लपवलं नाही. इतके आठवडे मी ज्यांच्या हृदयाला जपत होतो, ते तिकडे संध्याकाळी फोन हातात धरून, खालची रांग एकेक चौकोन करत निळी होताना एकटेच बघत होते, आणि एवढ्या थंडीत सून बाहेर उभी आहे हे माहीत असूनही गप्प बसत होते. मी फोन घेतला तर त्यांनी आधी विचारलं, प्लेट टाकली की नुसते स्क्रू. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला झोप लागणार नाही." म्हणजे बातमी लपवणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली, एवढंच.

पाय बरा झाला. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा उजव्या टोकापासून बर्फ काढायला लागलो आणि बाबांचे फोनही सुरू झाले. त्याच्या पुढच्याही हिवाळ्यात झाले. त्या वर्षी बर्फ पुष्कळ होता, शेवटी तर रोज पडायचा, आणि बाबांचा फोन एकदाही चुकला नाही. खालच्या रांगेतलं चौथं बघ, धुराड्याजवळचं अजून काळंच आहे, कोपऱ्यातल्यावर पान चिकटलंय का. कधीकधी त्यांना बोलताना दम लागायचा. मी विचारलं तर म्हणाले, "आत्ताच जिना चढून आलो." त्यांचं म्हणणं खरं न वाटायला काही कारण नव्हतं. बोलणं तर नेहमीसारखं चाललं होतं.

मग आईचा फोन आला, की आता निघ.

मी पोचलो तेव्हा बाबा डोळे उघडत नव्हते. हात हातात घेतला तर बोटं किंचित हलली, ती माझ्यासाठी हलली असं मी धरून चालतो.

सगळं आटोपून पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईवर चिडलो. बाबांना हॉस्पिटलात ठेवून इतके दिवस झाले होते आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. रोज तर बोलत होतो. आई गॅसजवळ पाठमोरी उभी होती. म्हणाली, "त्यांनीच शपथ घातली होती मला. म्हणाले, तो घाईघाईने निघेल, तिकडे बर्फ आहे, विमानं उशिरा सुटतात. आणि तू तरी कुठे सांगितलं होतंस पायाचं?"



आईनेच मग पुढचं सांगितलं. दिवेलागणीला बाबा सिस्टरांना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला लावायचे. फोन उघडून आमचं छत नीट बघून घ्यायचे, कुठला चौकोन काळा आहे ते ठरवून ठेवायचे. मशीनचा आवाज मला ऐकू जाऊ नये म्हणून आईला फोनच्या आणि मशीनच्या मध्ये उशी धरून उभं करायचे. मग तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढून मला फोन लावायचे. माझं काम होईपर्यंत, "आलं" म्हणेपर्यंत, तो मास्क त्यांच्या हातातच असायचा. फोन ठेवला की आई घाईघाईने तो परत लावून द्यायची. श्वास जरा जागेवर आला की ते तिला रोज एकच विचारायचे, "माझा आवाज बरा येत होता ना?"